मागल्या बाकावरून

आमचें शहापूर भंडाऱ्याहून नागपुरास जाणाऱ्या हमरस्त्यावर आहे. आषाढ लागला कीं गांवाभोंवतींच्या धानाच्या बांध्या पाण्यानें भरतात, रोवणीची घाई सुरू होते, आणि शाळेंतील मागलीं बाकें रिकामीं दिसूं लागतात. सारा जन्म शिक्षकाच्या पेशांत गेल्यामुळें ह्या रिकाम्या बाकांची आम्हांस संवय आहे. परंतु त्यांपैकीं एकावर स्वतः जाऊन बसण्याचा योग निवृत्तीनंतर कित्येक वर्षांनीं, गेल्या पावसाळ्यांत आला. त्या बाकावरून आम्हांस जें दिसलें, आणि विशेषतः जें प्रथम दिसलेंच नाहीं, तें वाचकांपुढें मांडावें असा विचार आहे. ज्या घरांत शिकविणारें किंवा शिकणारें कोणी आहे, त्या घरास त्यांतून कांहीं उपयोगाचें सांपडेल अशी आशा वाटते.

झालें तें असें. आमच्या धाकट्या बंधूंची सून लग्नापूर्वींच पदवीधर झालेली. तिचें मूल दोन वर्षांचें झालें तेव्हां त्याला सासूबाईंच्या स्वाधीन करून तिनें बी. एड.ला नांव घातलें, आणि अध्यापनासाठीं विषय घेतला इंग्रजी. घरांत थोडी कुरकुर झाली हें लपविण्यांत अर्थ नाहीं. मूल लहान आहे, स्वयंपाकघराचा भार इतरांवर पडेल, ह्या गोष्टी बायकांनीं बोलून दाखविल्या व नंतर आपसांत वांटून घेतल्या. “मराठी शाळेंत शिकलेल्या मुलीनें इंग्रजी शिकविण्याच्या भरीस कशाला पडावें?” असाही एक आक्षेप निघाला. तो काढणारें वडील माणूस दुसरें कोणी नसून आम्हीच होतों.

राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४ सालच्या नियमांनीं बी. एड.चा अभ्यासक्रम दोन वर्षांचा केला. त्यांत वीस आठवडे प्रत्यक्ष शाळेंत राहून शिकवावें लागतें. पैकीं सोळा आठवडे दुसऱ्या वर्षांतले. ह्या काळास आंतरवासिता असें भारदस्त नांव आहे. सूनबाईस त्यासाठीं गांवांतलीच एक शाळा मिळाली व सातवीचा वर्ग मिळाला. आदल्या रात्रीं जेवणें आटोपल्यावर ती आमच्या खोलीच्या दारांत येऊन म्हणाली, “काका, आमच्या मॅडम पाठ बघायला पंधरा दिवसांतून एकदां येणार. तुम्ही रोज मागें बसून बघाल का? माझ्या चुका सांगाल का?”

आमचें इंग्रजी मॅट्रिकपर्यंतचें. संस्कृत मात्र वडिलांपाशीं बसून झालें होतें. तरीही पांचवी ते सातवीस वर्षानुवर्षें इंग्रजी शिकविल्यामुळें आम्हांस थोडाबहुत अभिमान होता. मुख्याध्यापकांची परवानगी मिळाली, आणि एक कोरी वही व पेन्सिल घेऊन आम्ही दुसऱ्या दिवशीं शेवटल्या बाकावर जाऊन बसलों.

पहिल्या तासास आम्हीं वहीचीं दोन पानें भरलीं. फळ्यावर लिहितांना वर्गाकडे पाठ होते. अक्षर डावीकडून उजवीकडे चढत जातें. ‘व्हेजिटेबल’ हा शब्द चार अवयवांचा उच्चारला. एक मुलगा ‘फिश’ऐवजीं ‘फिस’ म्हणाला तें सुधारलें नाहीं. दोनदां मराठींत बोलली. पाठ-टाचणांतील शेवटचा मुद्दा राहून गेला. असे एकंदर सतरा दोष निघाले. घरीं येऊन ते आम्हीं तिला क्रमवार वाचून दाखविले. ती ऐकत राहिली, मान हलवीत राहिली. रात्रीं तिचें जेवणाकडे लक्ष नव्हतें, हें आमच्या मंडळींनीं आम्हांस नंतर सांगितलें. भांडीं आवरून झाल्यावर ती पुनः आली आणि तिनें एकच प्रश्न विचारला :

“काका, मुलें काय करीत होतीं?”

आम्हीं वही उघडली. दोन्ही पानें पुनः वाचलीं. त्यांत मुलांविषयीं, एक ‘फिस’ सोडलें तर, अक्षरही नव्हतें. चाळीस मिनिटें तीस मुलांच्या पाठीशीं बसून आम्हीं एकाही मुलाकडे पाहिलें नव्हतें.

त्या रात्रीं बराच वेळ झोंप आली नाहीं. आमच्या स्वतःच्या उमेदवारीच्या दिवसांतील एक प्रसंग आठवला. एका शाळेंत आम्ही नुकतेच लागलों होतों. तपासणीसाठीं साहेब आले. आम्ही पांचवीस इंग्रजी शिकवीत होतों. एका शब्दाचा उच्चार आम्हीं चुकीचा केला असेल, साहेबांनीं मागल्या बाजूनें मोठ्यानें “चूक!” असें म्हटलें, पुढें येऊन तो शब्द स्वतः तीन वेळां म्हटला, मुलांकडून म्हणवून घेतला, आणि शेवटीं आमच्याकडूनही म्हणवून घेतला. मुलें हंसलीं. पुढें वर्षभर तो शब्द गांवांतल्या वाटेवर आमच्या पाठीमागें ऐकूं येई.

वाचकांस वाटेल कीं असा चटका बसलेला मनुष्य दुसऱ्यास तो कधींच देणार नाहीं. तसें झालें नाहीं. पुढें आमच्या हाताखालीं सराव-पाठ घेण्यास डी. एड.चे विद्यार्थी येऊं लागले, तेव्हां एका गरीब स्वभावाच्या मुलाचा पाठ आम्हीं मधेंच थांबविला, खडू त्याच्या हातून घेतला, आणि वर्गादेखत त्याचें वाक्य सुधारलें. वाक्य सुधारलें खरें; परंतु उरलेल्या सर्व पाठांत तो मुलगा इंग्रजींत एकही वाक्य स्वतः बोलला नाहीं. पुस्तकांतलें वाक्य वाचावें व त्याचें मराठी सांगावें, एवढेंच तो करी. त्या वेळीं आम्हीं त्याच्या वहींत ‘तयारी कमी’ असा शेरा मारला. ती कमी कशामुळें झाली, हें आम्हांस सूनबाईच्या त्या एका प्रश्नानें कळलें. तो मुलगा आज कोठें शिकवीत असेल तर त्याचे विद्यार्थी इंग्रजी बोलतात कीं नाहीं, हा विचार मनास सुखाचा नाहीं.

दुसऱ्या दिवसापासून आम्हीं रीत बदलली, आणि ह्या विषयावर जें वाचावयास मिळालें तें वाचूं लागलों. त्याचें सार येथें देतों.

परभाषेच्या वर्गाचें निरीक्षण इतर विषयांच्या निरीक्षणाहून अवघड कां, हें प्रथम लक्षांत घेतलें पाहिजे. भूगोलाच्या तासाला भाषा हें साधन व भूगोल हें साध्य. इंग्रजीच्या तासाला साधन तेंच आणि साध्यही तेंच. शिक्षिकेचें प्रत्येक वाक्य हा मुलांना मिळणारा खुराक आहे, आणि मुलाचें प्रत्येक वाक्य, तें मोडकें असलें तरी, त्याची प्रगती आहे. म्हणून कोण किती बोललें, ही गोष्ट येथें फार महत्त्वाची ठरते. अमेरिकेंतील नेड फ्लँडर्स ह्या संशोधकानें वर्गांतील बोलण्याचे दहा प्रकार पाडले : सात शिक्षकाच्या बोलण्याचे, दोन विद्यार्थ्यांच्या, आणि एक शांततेचा किंवा गोंधळाचा. निरीक्षकानें दर तीन सेकंदांनीं त्या क्षणीं काय चाललें आहे त्याचा अंक लिहीत जावें, अशी त्याची पद्धति. त्याला आढळलें तें असें कीं, सामान्यतः वर्गांत दोन-तृतीयांश वेळ कोणी ना कोणी बोलत असतें, आणि त्या बोलण्यांतलें दोन-तृतीयांश शिक्षकाचें असतें. तीस मुलांचा वर्ग धरला तर उरलेल्या भागांतून एकेका मुलाच्या वांट्यास काय येतें, हा हिशेब घरच्या मंडळींनीं स्वतः करून पाहावा.

तीन सेकंदांनीं अंक लिहिण्याची चपळाई आमच्या बोटांत राहिली नाहीं. आम्हीं साधी युक्ति केली. वहीच्या पानावर वर्गांतील बाकांची आकृति काढली, आणि ज्या मुलास प्रश्न विचारला गेला त्याच्या घरांत एक रेघ, त्यानें इंग्रजींत उत्तर दिलें तर एक टिंब, एवढेंच टिपलें. शेरा नाहीं, सल्ला नाहीं. तासाच्या शेवटीं ती आकृति सूनबाईच्या हातीं दिली. पुढल्या दोन ओळींच्या मधल्या भागांत रेघांची दाटी होती. डाव्या हाताच्या मागल्या कोंपऱ्यांत पांच मुली बसत. तीं पांच घरें कोरीं होतीं. ती कितीतरी वेळ पाहत राहिली. मग म्हणाली, “मी तिकडे बघितलंच नाहीं.” आम्हांस ह्यावर कांहींच बोलावें लागलें नाहीं. सतरा दोष सांगून जें साधलें नव्हतें, तें न बोलतां साधलें.

दुसरी गोष्ट तिनें आपण होऊन पाहण्यास सांगितली. “मी प्रश्न विचारल्यावर किती वेळ थांबतें, तेवढें मोजा.” ह्या विषयीं मेरी बड रो ह्या अमेरिकन विदुषीचें काम प्रसिद्ध आहे. तिनें विज्ञानाच्या वर्गांतील बोलणें ध्वनिमुद्रित करून मोजलें, तेव्हां असें दिसलें कीं, शिक्षक प्रश्न विचारल्यावर सरासरीनें सुमारें एकच सेकंद थांबतात. तेवढ्यांत उत्तर आलें नाहीं तर प्रश्न दुसऱ्याकडे जातो किंवा उत्तर शिक्षकच देऊन टाकतो. तेंच थांबणें तीन सेकंदांवर नेलें तर उत्तरें लांब होतात, ‘माहीत नाहीं’ असें म्हणणें कमी होतें, आणि जीं मुलें मागें राहिलेलीं समजलीं जातात तींही बोलूं लागतात. परभाषेंत तर ही सवड अधिकच हवी. कारण मुलाला प्रश्न समजून घ्यावयाचा, उत्तर मनांत मराठींत जुळवायचें, आणि मग तें इंग्रजींत आणावयाचें असतें. आम्ही मनांतल्या मनांत सावकाश तीन वेळां ‘श्रीराम’ म्हणूं लागलों. पहिल्या दिवशीं सूनबाईंचा प्रश्न एका ‘श्रीरामा’च्या आंतच दुसऱ्या मुलाकडे जाई. पंधरा दिवसांनीं तिसरा पुरा होऊं लागला.

तिसरी गोष्ट चुका सुधारण्याची. आमच्या झाडीपट्टीच्या बोलींत ‘श’चा ‘स’ होतो, ‘ण’चा ‘न’ होतो, ‘डोळा’ ‘डोरा’ होतो. तेव्हां ‘फिश’चें ‘फिस’ होणें ही आळसाची खूण नव्हे; तें मूल आपल्या आईच्या तोंडचे स्वर इंग्रजींत घेऊन आलें आहे. तो दोष सुधारावयाचा नाहीं असें नव्हे. केव्हां व कसा, हाच प्रश्न आहे. ‘फिस’ म्हणणारा मुलगा त्या दिवशीं पहिल्यानेंच पुरें वाक्य बोलत होता. सूनबाईनें तें जाणून त्याला पुरें करूं दिलें, आणि मग “येस, अ बिग फिश!” असें म्हणून तो शब्द सहज त्याच्या कानावर घातला. हें तिनें पहिल्याच दिवशीं केलें होतें. आम्हीं मात्र ‘सुधारलें नाहीं’ असें लिहून ठेविलें. पाणिनीय शिक्षेंत वर्णोच्चाराविषयीं बोलतांना वाघिणीची उपमा दिली आहे : ती आपलें पिलूं दांतांत धरून नेते, पण पिलूं पडूं देत नाहीं आणि त्याला दांतही लागूं देत नाहीं. ही उपमा आम्हीं लहानपणीं पाठ केली होती. ती मुलाची चूक सुधारण्यास लागू करावी, हें मात्र आम्हांस साठीनंतर सुचलें.

आपल्या देशांत ह्या प्रश्नाचा विचार झाला नाहीं असें मुळींच नाहीं. इंग्रज गेल्यावर इंग्रजी कोणी व कसें शिकवावें, ह्यासाठीं अलाहाबादेस व, १९५८ सालीं, हैदराबादेस स्वतंत्र संस्था निघाल्या. हैदराबादच्या संस्थेचें आज विद्यापीठ झालें आहे. सूक्ष्म अध्यापनाची पद्धति १९६३ च्या सुमारास अमेरिकेंतील स्टॅनफर्ड येथें सुरू झाली. आपल्याकडे तिला छत्तीस मिनिटांचें सुटसुटीत रूप मिळालें. सहा मिनिटें पाठ, सहा मिनिटें चर्चा, बारा मिनिटें पुनः तयारी, सहा मिनिटें पुनः पाठ, आणि सहा मिनिटें पुनः चर्चा, असा तो क्रम. ह्यांतील मर्म असें कीं, पाहणाऱ्यानें दोष सांगून निघून जावयाचें नसतें; तोच पाठ लगेच पुनः घेण्याची संधि द्यावयाची असते. १९७९ ते १९८४ ह्या काळांत एन. एस. प्रभु ह्यांनीं दक्षिणेंत बंगळूर प्रकल्प म्हणून प्रसिद्ध असलेला प्रयोग केला. मुलांचें लक्ष व्याकरणावर न ठेवतां एखादें काम उलगडण्यावर ठेविलें, तर भाषा त्यांच्या अंगीं मुरत जाते, असा त्यांचा विचार. आणि त्यासाठीं आगगाडीचें वेळापत्रक, नकाशा, अशा साध्या वस्तु त्यांनीं वर्गांत आणल्या.

महाराष्ट्रांत ह्याची निकड अधिक झाली ती २००० सालापासून. आमच्या नोकरीच्या आरंभीं मराठी शाळेंत इंग्रजी पांचवीपासून असे. त्या वर्षापासून तें पहिलीपासून आलें. म्हणजे जो शिक्षक स्वतः इंग्रजी क्वचितच बोलला होता, त्याला एकाएकीं सहा वर्षांच्या मुलांशीं तें बोलावें लागलें. प्रशिक्षणें झालीं, पुस्तिका निघाल्या. २०१६ सालीं राज्य शासन, टाटा ट्रस्ट्स आणि ब्रिटिश कौन्सिल ह्यांनीं मिळून ‘तेजस’ नांवाचा उपक्रम काढला. त्यांत शिक्षकांनीं गटागटानें एकत्र बसून आपल्या वर्गांतले अनुभव एकमेकांस सांगावे अशी योजना होती. ही दिशा आम्हांस योग्य वाटते. कारण व्याख्यान ऐकून शिक्षक घडत असता, तर आमच्या पिढींत वाईट शिक्षक उरलाच नसता.

आतां मूळ कथेकडे वळूं. सहाव्या आठवड्यांत सूनबाईनें पुस्तक बाजूस ठेविलें, आणि भंडाऱ्याहून नागपुरास जाणाऱ्या गाड्यांच्या वेळा एका मोठ्या कागदावर इंग्रजींत लिहून तो फळ्यास चिकटविला. कांहीं गाड्या जलद, त्या शहापुरास न थांबणाऱ्या, कांहीं थांबणाऱ्या. मुलांस काम दिलें : आजीला नागपुरास दवाखान्यांत दहाच्या आंत पोंचावयाचें आहे, तिनें कोणत्या गाडीनें निघावें? मुलें दोघां-दोघांनीं कागदाकडे बोट दाखवूं लागलीं, मराठींत, झाडीबोलींत, मोडक्या इंग्रजींत वाद घालूं लागलीं. आमची पेन्सिल पूर्वीच्या संवयीनें ‘गोंगाट’ असें लिहावयास निघाली होती. ती आम्हीं आंवरली व ऐकूं लागलों. गोंगाट त्या कामाचाच होता.

त्या डाव्या कोंपऱ्यांतील पांच मुलींपैकीं एक रोवणीसाठीं तीन आठवडे शाळेंत नव्हती. परत आल्यापासून तिच्या घरांत आमच्या आकृतींत एकही टिंब पडलें नव्हतें. रोवणीस गेलेल्या अशा मुली कधीं कधीं परत येत नाहींत, आणि आल्या तरी, वर्ग आपल्याशिवाय पुढें गेला आहे हें एकदां मनानें घेतलें कीं, दुसऱ्या वर्षीं नांव पटावर राहतें व मुलगी घरीं राहते. हें आम्हीं नोकरींत पुष्कळदां पाहिलें आहे. सूनबाई फिरत फिरत त्या बाकापाशीं गेली आणि तिनें मुलीला विचारलें. मुलगी खालीं पाहूं लागली. आम्हीं ‘श्रीराम’ मोजूं लागलों. एक झाला, दोन झाले, तीन झाले, चौथाही झाला. मग ती मुलगी हळू आवाजांत म्हणाली, “टीचर, व्हिच बस स्टॉप शहापूर?”

पुढल्या बाकांवर दोघे-तिघे हंसले. आमच्या पहिल्या दिवसाच्या हिशेबानें त्या वाक्यांत दोन चुका होत्या. परंतु त्या मुलीनें उत्तर दिलें नव्हतें. तिनें प्रश्न विचारला होता, आणि तो नेमका ह्या कोड्याची किल्ली असलेला प्रश्न होता. कोणती गाडी शहापुरास थांबते हें पाहिल्यावांचून आजी निघणार कशी? सूनबाई हंसणाऱ्यांवर रागावली नाहीं. ती वर्गाकडे वळून म्हणाली, “व्हिच बस स्टॉप्स ॲट शहापूर? गुड क्वेश्चन! हू कॅन टेल हर?” हंसणारे तिघेही कागदाकडे धांवले, त्यांनीं तें अगोदर पाहिलेंच नव्हतें. आम्हीं त्या मुलीच्या घरांत टिंब दिलें. त्या दिवसानंतर ती आंतरवासिता संपेपर्यंत एकही दिवस चुकली नाहीं, एवढें आम्ही हजेरीपटावरून सांगूं शकतों.

घरीं परततांना आम्हांस ‘मालविकाग्निमित्रा’ची आठवण झाली. त्या नाटकाच्या आरंभीं गणदास व हरदत्त ह्या दोन नाट्याचार्यांत श्रेष्ठ कोण, असा तंटा लागतो. निवाडा करणारी परिव्राजिका कौशिकी मोठी समंजस बाई आहे. ती म्हणते कीं, कोणाची विद्या त्याच्या स्वतःच्या ठायीं उत्तम वसते, कोणाच्या अंगीं ती दुसऱ्यास देण्याची हातोटी असते. ज्याच्याजवळ दोन्ही आहेत तोच शिक्षकांत अग्रगण्य. आणि परीक्षा ती आचार्यांच्या नाचण्यावरून घेत नाहीं. त्यांच्या शिष्येस रंगावर आणावयास सांगते. हा अंक आम्हीं कितीकदां वाचला, कितीकांस समजावून दिला. पण शिक्षकाचें मोल पाहावयाचें तर शिष्येकडे पाहावें, हा त्यांतला साधा अर्थ आमच्या हातीं लागला नव्हता. सूनबाईचें अक्षर फळ्यावर अजूनही थोडें चढतें. तिची विद्या दुसऱ्यापर्यंत पोंचते, हें मात्र त्या मागल्या बाकावरच्या मुलीनें सिद्ध केलें. मराठी शाळेंत शिकलेल्या मुलीविषयींचा आमचा आक्षेप आम्हीं त्याच संध्याकाळीं सर्वांसमक्ष परत घेतला. उलट आम्हांस असें वाटूं लागलें आहे कीं, इंग्रजी आपण स्वतः कष्टानें शिकलेली शिक्षिका मूल कोठें अडखळतें हें अधिक लवकर ओळखते, कारण त्या दगडाची ठेंच तिलाही लागलेली असते.

ज्यांस अशा निरीक्षणाचा प्रसंग येईल त्यांच्यासाठीं आमच्या वहीवरून निघालेल्या तीन गोष्टी लिहितों. पहिली : पाठाआधीं शिकविणारासच विचारावें कीं, आज मी काय पाहूं? एका तासाला एकच गोष्ट पाहावी. दुसरी : पाठ चालू असतां तोंड मिटावें, डोळे मुलांकडे ठेवावे, आणि जें घडलें तें लिहावें, तें चांगलें कीं वाईट हें लिहूं नये. ‘मुलांचा सहभाग कमी’ हा शेरा झाला. ‘डावीकडील पांच मुलींना प्रश्न नाहीं’ ही नोंद झाली. शेऱ्यानें मनुष्य दुखावतो, नोंदीनें विचारांत पडतो. तिसरी : पाठानंतर प्रथम त्यास बोलूं द्यावें. बहुतेक वेळां आपल्याला जें सांगावयाचें असतें तें तो आधींच सांगून मोकळा होतो. जो पाठाला गुण देतो तोच मदतनीसही असला, तर बिचाऱ्या छात्राध्यापकास त्याची भीति वाटणारच; म्हणून गुण न देणारा असा एखादा पाहुणा मागल्या बाकावर बसला, तर त्याचा उपयोग मोठा होतो. गांवोगांवीं आमच्यासारखे निवृत्त शिक्षक पुष्कळ आहेत, आणि त्यांच्यापाशीं दुपारचा वेळही पुष्कळ आहे.

हीच रीत घरांतही चालावी. आपल्या एकत्र कुटुंबांत पाहुणे आले कीं नातवंडास पुढें करून “इंग्रजी कविता म्हणून दाखव” असें सांगण्याची चाल आहे. मूल अडलें कीं आजोबा, काका, आत्या, सर्वच एकदम शब्द पुरवितात, उच्चार सुधारतात, आणि मूल आईच्या पदराआड जातें. त्यापेक्षां पानावर बसल्यावेळीं त्याला एखादा खरा प्रश्न विचारावा आणि तीन ‘श्रीराम’ थांबावें. आमच्या घरीं हा प्रयोग चालू आहे. सर्वांत कठीण तो आम्हांलाच जातो.

ह्याचा पुरावा शेवटच्या आठवड्यांत मिळाला. सूनबाई म्हणाली, “काका, आज तुम्ही पाठ घ्या, मी मागें बसतें.” आम्ही मोठ्या उमेदीनें उभे राहिलों. जुना हातखंडा असा एक धडा घेतला, मुलें हंसलीं, तास केव्हां संपला कळलें नाहीं. पाठ उत्तम झाला अशी आमची खात्री होती. घरीं आल्यावर तिनें प्रथम विचारलें, “काका, तुम्हांला कसा वाटला?” आम्हीं खुशींत पुष्कळ सांगितलें. मग तिनें वही पुढें केली. पानाच्या मध्यभागीं एवढेंच लिहिलें होतें : ‘काकांनीं प्रश्न विचारून उत्तर स्वतःच दिलें : नऊ वेळां.’

आम्हीं चष्मा काढून पुसला, आणि तिला विचारलें कीं, पुढल्या आठवड्यांत मुख्याध्यापक आणखी एक तास देतील का. सूक्ष्म अध्यापनाचा नियमच तसा आहे : पाठ पुनः घेण्याची संधि मिळाली पाहिजे.